सेप क्लॅम्पचं शेवटचं अपील

सेप क्लॅम्प अंपायर झाला ही बातमी आली तेव्हा आमच्या जुन्या काउंटीत जो हशा पिकला तो मला अजून आठवतो. हसणारे काही वाईट नव्हते. ज्या माणसाने एकवीस वर्षं इंग्लंडमधल्या झाडून सगळ्या अंपायरांचं डोकं उठवलं, तोच आता पांढरा कोट घालून उभा राहणार म्हटल्यावर कुणाला हसू येणार नाही? मीही हसलो. एडना, त्याची बायको, तीही हसली. पण हसता हसता तिने डोळे पुसले, कारण मैदान सुटल्यापासून सेप दिवसेंदिवस कसा वाळत चालला होता हे तिनेच पाहिलं होतं.

मी हॉरेस टेबट. सेपच्या बोलिंगला सोळा वर्षं मी विकेटकीपर होतो. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं आज तीन दिशांना पाहतात, त्यातली दोन सेपची मेहेरबानी. तेव्हा त्याच्याबद्दल बोलायचा हक्क, एडना सोडली तर, माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही.

सेप मध्यमगती गोलंदाज. घरातलं सातवं पोर, म्हणून सेप्टिमस. वडील चपलाबुटांच्या कारखान्यात, भाऊही तिथेच. हा एकटा वाट चुकून मैदानात आला आणि तिथेच रमला. रोज पंचवीस-तीस षटकं टाकायची, संध्याकाळी पाय गरम पाण्यात घालून बसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौदाशेच्या वर बळी घेतले. इंग्लंडसाठी कधी खेळला नाही. एकदा बारावा गडी म्हणून बोलावलं होतं, तर बाकीच्यांचे स्वेटर सांभाळून परत आला. मधली सहा वर्षं लढाईने खाल्ली. त्या काळात तो हवाई दलाच्या कोठारात चादरी मोजत होता. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. कुरकुर करायची ती फक्त अंपायरने ‘नॉटआउट’ म्हटल्यावर.

त्याचं अपील म्हणजे एक प्रकरण होतं. चेंडू पॅडला लागला रे लागला की हा गुडघ्यात वाकून गर्रकन मागे वळायचा, दोन्ही हात आभाळात, आणि असा ओरडायचा की बेंबीच्या देठापासून म्हणजे काय ते कळावं. ‘हाउझॅट!’ आमच्या मैदानाशेजारी गुरांचा बाजार भरे. एकदा तिथल्या लिलाववाल्याने सेपची आरोळी बोली समजून एक कालवड विकून टाकली, आणि मग घेणारा कोण ते सापडेना. सेपच्या मागोमाग मीही ओरडायचो. कीपरने बोलरला साथ द्यायचीच असते. खरं सांगायचं तर निम्म्या वेळा मला काही दिसलेलं नसायचं.

पन्नास साली त्याचे गुडघे गेले. मग तोही बुटांच्या कारखान्यात लागला, खोकी बांधायच्या खात्यात. दोन वर्षं त्याने खोकी बांधली. मी एव्हाना शेजारच्या काउंटीत स्कोअरर झालो होतो. एका रविवारी त्याच्याकडे जेवायला गेलो तर हा ताटातलं मटण नुसतं चिवडत बसलेला.

“हॉरेस, मला गवतावर उभं राहायचंय रे,” तो म्हणाला. “नुसतं उभं राहायचंय. बोलिंग नको, काही नको.”

“मग अंपायर हो,” मी सहज म्हणालो.

त्याने काटा खाली ठेवला. माझी थट्टा त्याने अशी उचलून धरली की पुढच्या एप्रिलमध्ये त्याचं नाव यादीत होतं.

यादीत नाव येणं म्हणजे एका मोसमाची नोकरी. प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही कप्तान अंपायरबद्दल लंडनला अहवाल पाठवतात. गुण कमी पडले की ऑक्टोबरात दोन ओळींचं पत्र येतं आणि माणूस पुन्हा खोकी बांधायला मोकळा. तेव्हा कप्तान बहुतेक सगळे बड्या घरचे, हौसेने खेळणारे. आम्ही पोटासाठी खेळणारे त्यांना ‘साहेब’ म्हणायचो. जन्मभर ज्यांना साहेब म्हटलं त्यांनाच बाद द्यायचं आणि वर त्यांच्याच हातून गुण घ्यायचे, असा तो मामला होता.

पण सेपला त्याची भीती नव्हती. त्याला भीती होती स्वतःच्या तोंडाची. आमच्या खेळात कुणी विचारल्याशिवाय अंपायरने उत्तर द्यायचं नसतं. फलंदाज डोळ्यांदेखत बाद असो, क्षेत्ररक्षकांतल्या एकाने तरी ‘हाउझॅट’ म्हटलं पाहिजे; नाहीतर अंपायरने खांबासारखं उभं राहायचं. सेपने यावर उपाय काढला: तोंडात सतत पेपरमिंटची गोळी. गोड खाण्यावरचं रेशनिंग त्याच वर्षी उठलं होतं. “तोंड कामात असलं की गप्प राहतं,” तो म्हणायचा. एडना त्याच्या कोटाच्या खिशात रोज सकाळी गोळ्यांची पुडी घालायची.

मे महिन्यात तो आमच्या मैदानावर आला. अंपायरला त्याच्या स्वतःच्या जुन्या काउंटीच्या सामन्याला पाठवत नाहीत, पण माझ्या नव्या काउंटीला ती अडचण नव्हती. आमचे कप्तान मिस्टर डेव्हरू. उंच, देखणे, आणि आरडाओरड्याचा मनापासून तिटकारा असलेले. खात्री असल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा हुकूम. आधीच्या आठवड्यात आमच्या लेन पॅडमोरने एक उगीचचं अपील केलं, तर डेव्हरूसाहेबांनी चारचौघांत त्याची हजेरी घेतली होती.

हा लेन सव्वीस वर्षांचा, लाजाळू, अंगाने दणकट. बोलिंग टाकायचा ती अगदी सेपच्या वळणाची: सरळ, मधल्या आणि लेग स्टंपवर, चेंडू किंचित आत येणारा. मला तर पहिल्या दिवसापासून तो आवडला होता. काउंटीने त्यालाही एकाच मोसमाचा करार दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या संघाचे कप्तान मिस्टर फेन खेळत होते, चौदा धावांवर. लेन बोलिंगला, सेप त्याच्या बाजूचा अंपायर. स्कोअररची खोली आमच्याकडे साइटस्क्रीनच्या वर, बरोबर सरळ रेषेत आहे. चेंडू आत आला, फेनसाहेबांची बॅट चुकली आणि चेंडू पॅडवर आदळून लेगकडे घरंगळला. कीपर त्याच्यामागे पळाला. लेन मध्येच थांबला, त्याने तोंड उघडलं, मग डेव्हरूसाहेबांकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

आणि मैदानाच्या मधोमध कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, “हाउझॅट!”

गुडघ्यात वाकलेला, दोन्ही हात आभाळात, पांढऱ्या कोटातला सेप क्लॅम्प. पेपरमिंटची गोळी पीचवर जाऊन पडली होती.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग स्लिपमधला एकजण मटकन खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. मग सगळेच. प्रेक्षकांत टाळ्या, शिट्ट्या. माझ्या शेजारचा पाहुण्यांचा स्कोअरर टेबलावर डोकं ठेवून हसत होता. फेनसाहेबांना बॅटवर टेकावं लागलं. सेपचे हात अजून वरच होते; ते खाली कसे आणायचे हे जणू तो विसरला होता. खाली आणले तेव्हा त्याचा चेहरा लालभडक झालेला मला एवढ्या लांबून दिसला.

पुढचं त्यानेच मला नंतर सांगितलं. डेव्हरूसाहेब मिडऑफवरून चालत आले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“काय क्लॅम्प,” ते म्हणाले, “तुम्ही विचारलंतच आहे तर आम्हीही विचारतो. हाउझॅट?”

झालं. आता क्षेत्ररक्षकाने विचारलं होतं, रीतसर. पुढचा चेंडू पडेपर्यंत विचारता येतं, नियमच आहे. आणि विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. सगळं मैदान सेपच्या उजव्या हाताकडे पाहत होतं. फेनसाहेब हसायचे थांबले होते. त्यांना माहीत होतं, चेंडू कुठे लागलाय ते.

सेपने मान हलवली. “नॉटआउट.”

अशा टाळ्या पडल्या की काय सांगू. फेनसाहेबांनी टोपीला हात लावला, डेव्हरूसाहेबांनी सेपची पाठ थोपटली. स्वतः अपील करायचं आणि स्वतःच फेटाळायचं! दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छोटी बातमीही आली. फेनसाहेबांनी एक्क्याण्णव केल्या. लेनला त्या डावात एकही विकेट मिळाली नाही.

चहाच्या वेळी मी अंपायरांच्या खोलीत गेलो. सेप बाकावर बसला होता, कपातला चहा तसाच.

“वाचलास लेका,” मी म्हणालो. “बाद दिलं असतंस तर दोन्ही कप्तानांनी मिळून तुला लटकवलं असतं. आता दोघंही पैकीच्या पैकी गुण देणार बघ.”

“हॉरेस, मधला स्टंप होता.”

मी त्याचा कप त्याच्याकडे सरकवला.

“तू समोर होतास. पाहिलंस ना?”

“मी पेन्सिलीला टोक काढत होतो,” मी म्हणालो.

ही थाप होती. मी पाहिलं होतं. सोळा वर्षं त्या रेषेत बसलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? पण मित्राची नोकरी वाचली होती, आणि मला त्या क्षणी तेवढंच दिसत होतं. सेपने माझ्याकडे पाहिलं, मग कपाकडे, आणि कोट चढवून बाहेर पडला.

जूनमध्ये लेनचं काहीतरी बिघडलं. आधी मला वाटलं, थकलाय. मग मी नीट पाहायला लागलो. चेंडू ऑफला जात होता. मधल्या स्टंपवर टाकणारा गडी ऑफ स्टंपच्या बाहेर टाकायला लागला, अगदी ठरवून. फलंदाज आरामात सोडून द्यायचे किंवा हात मोकळे करून चौकार मारायचे. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे धावाच धावा. डेव्हरूसाहेबांनी जुलैत त्याला दोन सामने बसवलं. एकदा मी त्याला विचारलंही, “काय रे, लाइन का बदललीस?” तर म्हणाला, “सुधारतोय, मिस्टर टेबट.” मी म्हटलं, बोलरच्या कामात कीपरने नाक खुपसू नये. आणि सोडून दिलं. या गोष्टीत मी दोनदा गप्प बसलो, ते हे दुसऱ्यांदा.

ऑगस्टअखेरच्या सामन्याला सेप पुन्हा आमच्याकडे आला. त्याच सकाळी लेनला सेक्रेटरीने बोलावून सांगितलं होतं की पुढच्या वर्षी करार नाही. संध्याकाळी लेन बॅग भरून निघाला. जाता जाता अंपायरांच्या खोलीच्या दारात थांबला. मी तिथेच होतो.

“मिस्टर क्लॅम्प, निरोप घ्यायला आलो होतो,” तो टोपी हातात धरून म्हणाला. “आणि आभार मानायचे होते.”

“माझे? कशाबद्दल?”

“मे महिन्यात, फेनसाहेबांच्या वेळी. मला तर वाटलं होतं, सरळच आहे. तुम्हीसुद्धा आधी ओरडलात, म्हणजे तुम्हालाही तसंच वाटलं असणार. पण मग तुम्ही नीट विचार करून नॉटआउट दिलंत. तेव्हा मला कळलं, माझा चेंडू जास्तच आत येतो, लेगच्या बाहेर जातो. बरोबर लागतोय असं मलाच उगीच वाटतं. तुमच्यासारख्याने चौदाशे विकेट काढल्यात. तुमची नजर चुकायची नाही. तेव्हापासून ऑफला टाकायचा प्रयत्न केला. जमलं नाही, ते सोडा. पण खरं सांगणारे तुम्ही एकटेच भेटलात.”

सेपचं तोंड उघडं राहिलं. गोळी नव्हती त्यात, काहीच नव्हतं. लेनने हात पुढे केला, सेपने तो घेतला. लेन गेला. बाहेर त्याची सायकल वाजत गेट ओलांडून गेली तरी सेप तसाच उभा.

“बोल ना काहीतरी,” मी म्हणालो.

“काय बोलू? चांगल्या बोलरला मी वाकडं टाकायला शिकवलं,” सेप म्हणाला. “आणि तो माझे आभार मानून गेला.”

ऑक्टोबरात पत्र आलं. दोन ओळींचं नाही, चांगलं पानभर. नवीन अंपायरांत सेपला सगळ्यांत जास्त गुण. खिलाडूवृत्तीचा खास उल्लेख, पुढच्या मोसमासाठी नेमणूक कायम. एडनाने मला जेवायला बोलावलं आणि ॲपल पाय केला. जेवण झाल्यावर सेपने टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

“लिहिण्याबिहिण्यात तू बरा आहेस. चुका दुरुस्त कर.”

त्याने अंपायर नेमणाऱ्या लंडनच्या समितीला लिहिलं होतं: ‘महाशय, मे महिन्यातल्या सामन्यात मी मिस्टर फेन यांना नाबाद दिलं. ते बाद होते. ते बाद आहेत हे तेव्हाही मला माहीत होतं. मी चुकून ओरडलो, सगळे हसले आणि मला लाज वाटली, म्हणून मी नाबाद म्हणालो. यात बोलरचं नुकसान झालं. मला यादीत ठेवायचं की नाही हे आपण ठरवावं. आपला नम्र, सेप्टिमस क्लॅम्प.’

“चूक एकच आहे,” मी म्हणालो. “हे पत्रच.”

“हॉरेस.”

“अरे, डोकं फिरलंय का तुझं? घरी बसशील! पुन्हा खोकी बांधशील! एडना, सांग गं याला काहीतरी.”

एडना भांडी विसळत होती. “मी काल रात्रभर सांगितलंय,” ती पाठमोरीच म्हणाली. “तो नाही ऐकायचा. आणि खरं सांगू का भावजी, त्याने ऐकू नये असंच मला वाटायला लागलंय.”

मग मलाही राहवलं नाही. “मी पाहिलं होतं, सेप,” मी म्हणालो. “पेन्सिल वगैरे सगळं खोटं. मधला स्टंप.”

“मला माहीत आहे,” सेप म्हणाला. “तुझी पेन्सिल कधी बोथट नसते.”

मी ‘खिलाडूवृत्ती’चा उल्लेख घालायला सुचवलं, त्याने नाही म्हटलं. मी दोन स्वल्पविराम घातले आणि पत्र पोस्टात पडलं.

उत्तर यायला नाताळ उजाडला. सेप ते घेऊन थेट माझ्या घरी आला. बसलाही नाही, कागद नुसता माझ्या हातात दिला. ‘आपलं पत्र पोचलं. पंचाचा निर्णय अंतिम असल्यामुळे सदर प्रसंगाचा फेरविचार करण्याचा अधिकार या समितीस नाही. आपली नेमणूक पूर्वीप्रमाणे कायम आहे. एप्रिलच्या अखेरीस कामावर हजर व्हावं.’

मी हसायला लागलो. खरंच, आवरेना. “सुटलास की! खुद्द तूसुद्धा तुझा निर्णय बदलू शकत नाहीस!”

“तेच तर,” सेप म्हणाला. तो हसत नव्हता. खुर्चीच्या कडेवर बसला आणि टोपी गुडघ्यावर फिरवत राहिला. “मला वाटलं होतं, ते मला काढतील आणि फिटंफाट होईल. आता कोण काढणार मला? हॉरेस, पत्र लिहिणं सोपं होतं रे. समितीला तोंड नसतं. लेनला तोंड आहे.”

“मग?”

“मग काय. जायला पाहिजे. तू चल बरोबर.”

जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही गेलो. लेन आता पावाच्या गाडीवर होता. पहाटे निघायचं, बारापर्यंत घरी. एका ओळीतलं छोटंसं घर, मागे परसदार आणि परसामागे बोळ. त्याची बायको मोरीन हिने चहा टाकला. सेपने कोटही न काढता, उभ्याउभ्या सांगून टाकलं. पत्रात लिहिलं होतं तसंच, एकही शब्द न फिरवता. मला कौतुक वाटलं त्याचं आणि दयाही आली.

लेन ऐकत होता. त्याचे कान लाल व्हायला लागले.

“किती बाद?” त्याने विचारलं.

“मधला स्टंप. अर्ध्या उंचीवर.”

“लेगला जात नव्हता?”

“नाही.”

“थोडासुद्धा?”

“थोडासुद्धा नाही, लेन.”

लेन उठला. एवढा लाजाळू माणूस, पण त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की बशीतली बिस्किटं उडाली. “तीन महिने मी ऑफला टाकत होतो! तीन महिने! रोज संध्याकाळी एकटा नेटमध्ये थांबून वाकडं टाकायची प्रॅक्टिस केली मी, माहीत आहे तुम्हाला? घरी येऊन हिला सांगायचो, मिस्टर क्लॅम्पनी दाखवलं म्हणून कळलं! आणि तुम्ही, लोक हसले म्हणून?”

“हो,” सेप म्हणाला. “लोक हसले म्हणून.”

“मग आत्ता का सांगताय? आता काय करू मी याचं?”

मोरीन चहाची किटली हातात धरून उभी होती, ओतावा की नाही ते तिला कळेना. मी टोपी उचलली. म्हटलं, निघावं आता.

लेन मागच्या दाराशी गेला. मग पायरीखालून त्याने बूट काढून पायांत चढवले. मैदानावरचे, खिळ्यांचे. शेल्फवरचा एक जुना चेंडू खिशात टाकला.

“बाहेर या,” तो म्हणाला. “दोघंही.”

बोळात राखेचा पत्र्याचा डबा होता. लेनने तो ओढून भिंतीपासून दूर मधोमध ठेवला. सेपने न सांगता बावीस यार्ड पावलांनी मोजले आणि दुसऱ्या टोकाला आपली जागा घेतली. मी ओव्हरकोट, मफलर अशा अवतारात डब्यामागे उकिडवा बसलो. छप्पन्न वर्षांचा होतो मी. गुडघ्यांनी जो आवाज केला तो वरच्या खिडकीपर्यंत गेला असेल.

पहिला चेंडू ऑफला गेला. थंडीत माझ्या वाकड्या बोटांवर आदळला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरा, तिसरा ऑफलाच. सवय जडली होती त्याला. चौथ्याला लेनने स्वतःलाच एक शिवी हासडली. पाचवा जरा आत आला. मोरीन अंगावर शाल घेऊन दारात येऊन उभी राहिली. शेजारची एक म्हातारी खिडकीतून म्हणाली, “काच फुटली तर भरून घेईन हं!” कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. दहा झाले, पंधरा झाले. लेनने कोट काढून फेकला. त्याच्या श्वासाची वाफ दिसत होती.

मग एक चेंडू सुटला, तो हातातून निघतानाच मला कळलं. सरळ आला, टप्पा पडून इंचभर आत वळला आणि डब्याच्या बरोबर मध्यावर आदळला. सगळा बोळ दणाणला. डबा आडवा, राख माझ्या बुटांवर.

लेन वळला आणि सेपकडे पाहायला लागला. सेप हात पाठीमागे बांधून उभा. चेहरा कोरा.

“काय?” लेन म्हणाला.

सेप गप्प.

अपील माझ्या ओठांवर आलं होतं. सोळा वर्षांची सवय. पण सेपने माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली. माझं काम नव्हतं ते. विचारायचं होतं ते लेननेच.

लेनला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा वाकडा झाला. मला वाटलं, आता हा रडतोय की काय. पण त्याने छाती भरून श्वास घेतला आणि मे महिन्यात जे तोंडातल्या तोंडात राहिलं होतं ते आयुष्यात पहिल्यांदा पोट फाडून बाहेर काढलं.

“हाउझॅट!”

तीन खिडक्या उघडल्या. कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं. सेपने उजवा हात पाठीमागून काढला, सावकाश वर नेला आणि बोट उभं केलं. लेन पाहत राहिला तोवर धरून ठेवलं.

“म्हणजे मी बरोबर टाकत होतो,” लेन म्हणाला.

“बरोबर टाकत होतास,” सेप म्हणाला.